गॅदरिंगचे तीन दिवस आणि परवान्याची मेल

पत्र : मी एका अनुदानित महाविद्यालयात मराठी शिकवतो. सांस्कृतिक विभाग गेली चार वर्षं माझ्या गळ्यात आहे. यंदा स्नेहसंमेलन तीन दिवसांचं ठरलंय. पहिल्या दिवशी आमच्याच मुलांची गाणी, नाच, शेलापागोटे. दुसऱ्या दिवशी आंतरमहाविद्यालयीन समूहगीत स्पर्धा. तिसऱ्या दिवशी बाहेरचा ऑर्केस्ट्रा, गावातल्या लोकांना तिकीट लावून प्रवेश, आणि शेवटी डीजे. विद्यार्थी प्रतिनिधींना तिन्ही दिवस यूट्यूबवर लाइव्ह हवेत. परवा एका कंपनीची मेल आली : तुमच्या कार्यक्रमात आमच्या मालकीचं संगीत वाजणार आहे, आधी परवाना घ्या आणि पैसे भरा, नाहीतर कारवाई. प्राचार्य म्हणतात, "आपण शैक्षणिक संस्था, आपल्याला सगळं माफ." डीजेवाला म्हणतो, "सर, लायसन्स माझ्याकडे आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका." मला दोघांचंही पटत नाही. शिवाय आमच्या संगीत शिक्षिकेने बालकवींच्या एका कवितेला नवी चाल लावली आहे. तिचीही परवानगी काढावी लागेल का? – एक सांस्कृतिक विभागप्रमुख

सर, दोघांचंही पटत नाही हे चांगलं लक्षण आहे. प्राचार्य एक तृतीयांश बरोबर आहेत आणि डीजेवाल्यावर कागद बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

पहिला दिवस आधी घेऊ, कारण तो सोपा आहे आणि नेमका त्याच दिवसाचे पैसे महाविद्यालयं घाबरून भरून टाकतात. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ५२व्या कलमात कुठला वापर म्हणजे हक्कभंग नव्हे याची लांबलचक यादी आहे. त्यातला पहिल्या पोटकलमाचा 'जे' खंड तुमच्या कामाचा. साध्या भाषेत तो असं सांगतो : शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमांचा भाग म्हणून तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी एखादं गीत, नाटक किंवा संगीतरचना सादर केली, किंवा चित्रपट दाखवला, किंवा ध्वनिमुद्रण वाजवलं, आणि समोर बसलेले लोक म्हणजे संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, विद्यार्थ्यांचे आईवडील किंवा पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील, तर तो हक्कभंग नाही. परवाना नको, पैसे नकोत, कुणाला विचारायला नको.

प्राचार्यांनी हा खंड बहुधा कुणाकडून तरी ऐकलाय, पण त्याचं अर्धंच वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलंय. कायद्याने महाविद्यालयाच्या इमारतीला माफी दिलेली नाही. गाणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे बघून दिली आहे. त्याच सभागृहात, त्याच माइकवर, तेच गाणं तुमच्या एसवायच्या मुलीने म्हटलं तर मोकळं, आणि बिदागी घेऊन आलेल्या बाहेरच्या गायिकेने म्हटलं तर नाही.

तुमच्या पहिल्या दिवसात मग काय काय बसतं? मुलांचं गाणं बसतं. करावके ट्रॅकवरचं गाणंही बसतं, कारण ट्रॅक म्हणजे ध्वनिमुद्रणच. चित्रपटगीत लावून त्यावर केलेला नाच बसतो. 'संबंधित माणसं' या शब्दांत संस्थेचे विश्वस्त, प्रमुख पाहुणे, परीक्षक यांना बसवायला मला तरी अडचण दिसत नाही. माजी विद्यार्थ्यांचा रीतसर संघ असेल आणि तो संमेलनाच्या कामात असेल तर तेही. मात्र फाटकाबाहेर फ्लेक्स लावून 'सर्वांना हार्दिक निमंत्रण' लिहिलंत, की तुमची माफी तुम्हीच फाडून टाकलीत. फाटकावर ओळखपत्र बघा, पालकांना पास द्या, आणि पासांची वही नीट ठेवा. उद्या कुणी विचारलं तर वकिलाच्या युक्तिवादापेक्षा ती वही जास्त उपयोगी पडेल.

या खंडावर सर्वोच्च न्यायालयानेही २००९ मध्ये एक गोष्ट सांगून ठेवली आहे. प्रकरण गाण्याचं नव्हतं, यक्षगानाचं, म्हणजे कर्नाटकातल्या पारंपरिक नृत्यनाट्याचं होतं. कन्नड लेखक शिवराम कारंतांनी यक्षगानाला जे नवं रूप दिलं, त्याचे हक्क त्यांच्या मृत्युपत्राने एका व्यक्तीकडे गेले होते. मणिपालच्या अकादमी ऑफ जनरल एज्युकेशनने २००१ मध्ये दिल्लीत प्रयोग केला आणि त्यावरून दावा झाला. मनाई हुकूम निघाला, तो पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने मनाई उठवली नाही, पण तिला एक दार ठेवलं : शैक्षणिक संस्था म्हणून या खंडाच्या चौकटीत प्रयोग होत असेल, किंवा हौशी मंडळी फुकट येणाऱ्या प्रेक्षकांसमोर करत असतील, तर ही मनाई लागू नाही. म्हणजे हक्क दुसऱ्याचा आहे हे कोर्टात सिद्ध झाल्यावरही महाविद्यालयाची चौकट टिकली. प्राचार्यांना हे नक्की सांगा, त्यांना आवडेल. फक्त 'चौकटीत' या शब्दावर जोर देऊन सांगा.

आता दुसरा दिवस, आणि इथे जरा कस लागतो. दुसऱ्या महाविद्यालयांची मुलं ही 'तुमची' मुलं नाहीत. स्पर्धेत उतरलेले संघ आणि त्यांच्याबरोबर आलेले शिक्षक उपक्रमाशी संबंधित आहेत असं म्हणता येईल. मी वकील म्हणून तसं छातीठोकपणे मांडेन. पण गाणारे तुमच्या संस्थेचे नाहीत, ही लंगडी बाजू राहतेच. म्हणून दुसऱ्या दिवसाला एकाच पायावर उभं करू नका. त्याच यादीत 'एल' हा आणखी एक खंड आहे : हौशी मंडळाने फुकट आलेल्या प्रेक्षकांसमोर केलेलं सादरीकरणही हक्कभंग नाही. समूहगीताचे संघ हौशीच असतात. तेव्हा दुसऱ्या दिवशी तिकीट नको, 'ऐच्छिक देणगी'ची पेटीही नको.

एक बारकावा मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. 'जे' खंडात ध्वनिमुद्रणाचा उल्लेख आहे, 'एल' खंडात नाही. तिथे फक्त साहित्य, नाटक आणि संगीतरचना आहेत. म्हणजे हौशी संघाने पेटी-तबल्यावर गायलेलं गीत त्यात बसतं, पेन ड्राइव्हमधून लावलेला ट्रॅक बसत नाही. स्पर्धेच्या नियमावलीत 'साथसंगत प्रत्यक्ष वाद्यांचीच असावी, पूर्वमुद्रित ट्रॅक चालणार नाही' एवढं एक वाक्य घाला. समूहगीताच्या बऱ्याच स्पर्धांत हा नियम असतोच. तो संगीताच्या दर्जासाठी घातलेला असतो, इथे तुमच्या बचावालाही कामी येईल.

तिसऱ्या दिवसाला परवाना लागतो. यात पळवाट नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती शोधायचीही नाही. बाहेरचे व्यावसायिक कलाकार, तिकीट काढून आलेलं गाव, हा साधा व्यावसायिक कार्यक्रम आहे. तुम्ही मांडववाल्याला, जनरेटरवाल्याला, ऑर्केस्ट्राच्या निवेदकाला पैसे देणार आहात. ज्याने ते गाणं लिहिलं आणि ज्याने चाल लावली, त्यालाच तेवढा वगळायचा? १९७७ साली चित्रपटगीतांच्या हक्काच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाच्या शेवटी जोडलेल्या टिपणात कलावंताची बाजू घेतली होती. संसदेला कायदा सुधारायला २०१२ उजाडलं. आता गीतकार-संगीतकाराचा सार्वजनिक वापराच्या मानधनातला वाटा करारानेही काढून घेता येत नाही. तुम्ही भरलेल्या पैशातला काही भाग त्यांच्यापर्यंत जाण्याची सोय आज आहे, ती पूर्वी नव्हती.

परवाना नेमका कुणाकडून? इथे गाण्याची फोड करावी लागते. शब्द ही एक मालमत्ता, चाल ही दुसरी, आणि स्टुडिओत झालेलं मुद्रण ही तिसरी. तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात आणि तिन्हींची मुदतही वेगळी असते. ऑर्केस्ट्रा गाणं स्वतः वाजवून म्हणतो, म्हणजे तो मूळ मुद्रण वापरत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी शब्द आणि चाल यांचाच परवाना लागतो, आणि त्यासाठी देशात नोंदणीकृत संस्था आहे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस. डीजे मुद्रण वाजवतो. त्याच्यासाठी आयपीआरएस तर हवीच, शिवाय त्या त्या मुद्रणाच्या मालकाचाही परवाना हवा.

मुद्रणांच्या बाबतीत बाजारात एकाहून जास्त दुकानं आहेत. फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड आहे, नोव्हेक्स आहे, आणि रेकॉर्डेड म्युझिक परफॉर्मन्स लिमिटेड ही नोंदणीकृत सोसायटी, म्हणजे हक्कदारांच्या वतीने परवाने द्यायला सरकारदरबारी नोंदलेली संस्था आहे. सोसायटी म्हणून नोंदणी नसलेल्या कंपनीला परवाने विकता येतात का, यावर न्यायालयांचं एकमत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं, की हक्क रीतसर आपल्या नावावर करून घेतलेला मालक स्वतः परवाना देऊ शकतो. दिल्लीच्या खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये वेगळा सूर लावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तुम्ही महाराष्ट्रात आहात, तेव्हा 'तुमची नोंदणी नाही, चला निघा' एवढ्या उत्तरावर विसंबू नका.

डीजेचा मात्र एक मार्ग सुचवतो. 'जे' खंड नीट वाचला तर गाण्या-वाजवण्यासाठी 'विद्यार्थी आणि कर्मचारी' ही अट आहे, ध्वनिमुद्रणासाठी फक्त प्रेक्षकांची अट आहे. तिकीट काढून आलेले गावकरी ऑर्केस्ट्रा संपल्यावर घरी गेले, मैदान रिकामं झालं आणि मग फक्त तुमची मुलं ओळखपत्र दाखवून डीजेला आली, तर माझ्या मते तो भाग पुन्हा माफीत येतो. पण एकाच तिकिटावर दोन्ही विकलंत तर नाही. आणि हे सगळं रात्री दहाच्या आत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम वेगळे आहेत आणि पोलिसांची परवानगी म्हणजे गाण्याच्या मालकाची परवानगी नव्हे, हेही मुलांना एकदा सांगून ठेवा. दरवर्षी कुणीतरी ठाण्याचा शिक्का दाखवून 'झालं की लायसन्स' म्हणतोच.

डीजेवाल्याच्या 'माझ्याकडे आहे' या वाक्याला उत्तर एकच : दाखव. परवान्यावर कार्यक्रमाचं नाव, तारीख आणि ठिकाण तुमचंच आहे का, ते बघा. मागच्या महिन्यातल्या लग्नाचा कागद मोबाइलवर दाखवणारे मी पाहिले आहेत. ऑर्केस्ट्राच्या करारातही परवाना कोण काढणार हे लिहून घ्या. काहीच लिहिलं नसेल तर तो तुमच्याच अंगावर येणार असं धरून चाला. आयोजक म्हणून नाव तुमचं, तिकिटावर शिक्का तुमचा.

आता ती मेल. कचऱ्यात टाकू नका आणि घाबरून पैसेही पाठवू नका. उत्तर लेखी द्या, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, साधारण असं :

"आपली मेल मिळाली. आमच्या संमेलनाचा पहिला दिवस केवळ विद्यार्थी, कर्मचारी, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्ती यांच्यापुरता मर्यादित असून तो कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(जे) च्या कक्षेत येतो. दुसऱ्या दिवसाच्या स्पर्धेत कोणतेही ध्वनिमुद्रण वापरले जाणार नाही व प्रवेश विनामूल्य आहे. तिसऱ्या दिवसासाठी आपण कोणत्या रचनांचे अथवा ध्वनिमुद्रणांचे कोणते हक्क धारण करता याची यादी, हक्क हस्तांतराच्या कागदपत्रांच्या प्रती आणि आपले दरपत्रक पाठवावे, म्हणजे आम्हाला योग्य तो निर्णय घेता येईल."

खरा हक्कदार असेल तर यादी पाठवतो. नोंदणीकृत सोसायटीला तर आपलं दरपत्रक प्रसिद्ध करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. नुसतीच धमकी असेल तर पुढची मेल येत नाही, किंवा आली तरी रक्कम एकदम खाली उतरलेली असते. उगाच धमकावणाऱ्यावर दावा लावायची सोय कलम ६० मध्ये आहे, पण तुम्हाला तिथवर जावं लागेल असं वाटत नाही. उलट बाजूही माहीत असू द्या : जाणूनबुजून हक्कभंग केल्याची शिक्षा कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी आहे. नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय ती कमी करू शकतं. तिकीट विकून केलेल्या तिसऱ्या दिवसाला ही सवलत मागायला जाऊ नका.

यूट्यूबचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण तिथेच सगळ्यात जास्त महाविद्यालयं अडकतात. पहिल्या दिवसाची माफी सभागृहात बसलेल्या लोकांपुरती आहे. लाइव्ह लावलंत की प्रेक्षक अख्खं जग, आणि माफी संपली. त्यात व्हिडिओवर गाणं जोडणं हा आणखी एक स्वतंत्र हक्क, त्याला सादरीकरणाचा परवाना पुरत नाही. गेल्या वर्षी एका महाविद्यालयाच्या प्राध्यापिकेने मला त्यांच्या बक्षीसपात्र समूहनृत्याचा व्हिडिओ दाखवला. सुरुवातीला निवेदिकेचा आवाज, टाळ्या, एक शिट्टी, आणि गाणं सुरू होताच पूर्ण शांतता. यंत्रणेने गाणं ओळखून तेवढा आवाज काढून टाकला होता. सोळा मुली नऊवारीत साडेचार मिनिटं मुक्याने नाचत होत्या, पायांचा ठेका दिसत होता, घुंगरं हलताना दिसत होती, ऐकू काहीच येत नव्हतं. शेवटी एकदम टाळ्यांचा कडकडाट. त्या बाई म्हणाल्या, मुलींनी तो व्हिडिओ घरी कुणालाच पाठवला नाही.

तुमच्या विद्यार्थी प्रतिनिधींना सांगा : शेलापागोटे, नाटिका, भाषणं, बक्षीस समारंभ खुशाल लाइव्ह करा. नाटिका मात्र मुलांनीच लिहिलेली असू द्या, नाहीतर लेखकाला विचारा. चित्रपटगीतांच्या वेळी कॅमेरा बंद.

लाइव्हमध्ये गाणी हवीच असतील तर मोकळी गाणी निवडा, आणि मराठीत ती रग्गड आहेत. गीत आणि संगीत यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजून. (आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत होती, म्हणून ती १० वर्षांनी वाढवली. ती वाढ मग सगळ्यांनाच मिळाली.) या हिशेबाने 'मानापमान' आणि 'स्वयंवर' यांतली पदं बघा. पदं खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ साली गेले. 'स्वयंवर'ला संगीत भास्करबुवा बखल्यांचं, ते १९२२ साली. शब्दही मोकळे, चालीही मोकळ्या. तुमच्या मुलीने तंबोरा घेऊन गायलं तर जगात कुणीही आडवं येऊ शकत नाही. पण पंडित जितेंद्र अभिषेकींची चाल घेतलीत तर ते १९९८ साली गेले, म्हणजे २०५८ अखेरपर्यंत थांबा. कुणा कलाकाराचं नवं मुद्रण लावलंत तर पद जुनं असूनही मुद्रणाचा मालक जिवंत आहे. आणि इथे एक खोच आहे, जिला मीही एकदा फसलो होतो : तुकोबांचे अभंग म्हणजे मोकळेच, असं आपण धरून चालतो. शब्द मोकळेच आहेत. पण गळ्यात बसलेली चाल श्रीनिवास खळ्यांची असेल तर ती मोकळी नाही, खळे २०११ साली गेले. तोच अभंग पारंपरिक वारकरी चालीत टाळ-मृदंगावर घ्या, कुठलाच प्रश्न नाही.

ऑर्केस्ट्राकडून गाण्यांची यादी आधीच घ्या, प्रत्येकापुढे गीतकार आणि संगीतकार यांची नावं लिहून. आयपीआरएसच्या परवान्याबरोबर ती जोडा, नाहीतर पैसे कुणाच्या खात्यावर जायचे ते कुणालाच कळत नाही.

राहिली तुमच्या संगीत शिक्षिकेची चाल. बालकवी १९१८ साली गेले, कविता केव्हाच सगळ्यांची झाली. चाल मात्र नवी आहे आणि ती त्या बाईंची. नोकरीत, कामाचा भाग म्हणून केलेली रचना मालकाची होते असा कायद्यात नियम आहे. त्यामुळे उद्या संस्था बदलली किंवा बाई बदली होऊन गेल्या तर 'चाल कुणाची' यावरून कटकट नको. त्यांना आधी तोंडी विचारा, मग एका कागदावर दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या : चाल यांची, महाविद्यालयाला सादर करायला आणि यूट्यूबवर टाकायला यांची संमती. निवेदनात आणि व्हिडिओखाली कवीच्या नावाशेजारी त्यांचं नाव लावा. तिन्ही दिवसांत आवाजासकट निर्धास्त लाइव्ह करता येईल असं हे गाणं आहे. कॅमेऱ्यावाल्याला त्याच्या आधी चहाला सोडू नका.